किराण्याचं आठवड्याचं बजेट दर वेळी फुटतंय? आधी कारण शोधा, मग उपाय करा

लक्षण ओळखीचं आहे. पहिली नोकरी किंवा शिक्षणाची शेवटची वर्षं, घरापासून लांब राहणं, स्वतःचं छोटंसं स्वयंपाकघर. किराण्यासाठी आठवड्याची एक रक्कम ठरवलेली असते आणि सुरुवातीच्या मोठ्या खरेदीत ती पाळलीही जाते. तीन-चार दिवस गेले की दूध संपतं, काहीतरी कमी पडतं, एखाद्या रात्री अंगात त्राण नसतं म्हणून बाहेरून मागवलं जातं. आठवडा संपताना हिशेब केला तर आकडा ठरवलेल्याच्या पुढे गेलेला. मग पुढच्या आठवड्यात हात आखडता घ्यायचं ठरतं आणि तोही आठवडा असाच जातो.

यावर मिळणारे सल्ले साधारण एकाच छापाचे असतात: यादी करा, स्वस्त ब्रँड घ्या, सवलत असेल तेव्हा भरून ठेवा. ते चुकीचे नाहीत, पण सरसकट दिले जातात. पैसे कुठून जातायत हे न बघता लागू केले तर कधी कधी खर्च वाढतो. ज्याच्याकडे निम्मी भाजी सडते त्याने सवलतीत दुप्पट भाजी आणून काय साधणार? म्हणून इथे आधी निदान आहे, उपाय नंतर. आणि उपाय एका वेळी एकच करायचा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

बजेट खरंच फुटतंय का, ते बघा

महिन्याची रक्कम चारने भागून आठवड्याची काढली असेल तर घोळ तिथेच आहे. वर्षात ५२ आठवडे असतात. चार आठवड्यांचा महिना धरला की वर्षाचे ४८च होतात आणि उरलेल्या ४ आठवड्यांचं जेवण कुठल्याच हिशेबात बसत नाही. म्हणजे दर आठवड्याला अगदी ठरलेलेच पैसे खर्च केले तरी वर्षाअखेरी सुमारे ८ टक्के जास्त गेलेले असतात, आणि दोष मात्र आपण आपल्या हाताला देतो. महिन्याच्या रकमेला १२ने गुणा आणि ५२ने भागा. येणारा आकडा थोडा लहान असेल, पण तोच खरा.

दुसरी गोष्ट साठ्याची. तांदूळ, तेल, पीठ एकदम आणलं तो आठवडा फुगलेला दिसतो आणि नंतरचे दोन-तीन हलके जातात. एकट्या आठवड्यावरून काही ठरवू नका, लागोपाठ ४ आठवड्यांची सरासरी बघा. साबण, डिटर्जंट, शांपू, भांड्यांचा स्क्रबर हे सगळं किराण्याच्याच पावतीवर येतं, पण ते अन्न नाही. त्याची रक्कम वेगळी काढा. काही जणांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो.

पावत्यांवर खुणा

सरासरी काढूनही आकडा जास्तच असेल तर गेल्या तीन-चार आठवड्यांच्या पावत्या, ॲपवरच्या ऑर्डरी आणि ऑनलाइन पेमेंटच्या नोंदी समोर घ्या. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा. ठरवून आणलेल्या वस्तूपुढे ‘ठ’, अचानक उचललेल्या वस्तूपुढे ‘अ’, तयार मागवलेल्या जेवणापुढे ‘म’. जे पूर्ण किंवा अर्धं टाकून दिलं गेलं त्यापुढे आणखी एक ‘ट’.

टाकलेलं मागाहून आठवत नाही. त्यासाठी आजपासून फ्रीजच्या दारावर एक कागद लावा. काही टाकताना काय टाकलं आणि का टाकलं हे दोन शब्दांत लिहा: विसरलं, जास्त शिजलं, आणलं तेव्हाच खराब होतं, चव आवडली नाही. यातलं ‘का’ महत्त्वाचं, कारण उपाय त्यावरून ठरतो.

आठवड्याच्या मधल्या दिवसातली एक पावती कशी दिसते बघा. पहिली ओळ दुधाची, कारण त्यासाठीच गेलो होतो. मग वेफर्सचं पाकीट, दोन चॉकलेटं, थंड कॉफीची बाटली, ‘संपतच आली असेल’ म्हणून घेतलेली चहापावडर, आणि सगळ्यात खाली कापडी पिशवी, कारण घरची पिशवी न्यायची राहिली. सहा ओळींतली ‘ठ’ची ओळ एकच. घरी चहापावडरीचा डबा अर्धा भरलेला आहे. यातली कुठलीच वस्तू महाग नाही, म्हणूनच ही पावती खिशातून निघते आणि बघितली न जाता कचऱ्यात जाते.

आता ‘अ’, ‘म’ आणि ‘ट’ या तिघांच्या बेरजा करा. ज्याची बेरीज सगळ्यात मोठी त्याच्यापासून सुरुवात. तिन्ही लहान असतील आणि ‘ठ’च मोठी असेल तर प्रश्न दराचा आहे, त्याचा भाग खाली आहे.

‘अ’ मोठं असेल: मधल्या फेऱ्या

माझ्या मते बहुतेकांची गळती इथेच असते. मोठ्या खरेदीच्या दिवशी आपण सावध असतो. एका वस्तूसाठी पटकन जाताना तशी सावधगिरी नसते.

हे फक्त मनाच्या दुबळेपणामुळे होत नाही, दुकानाची रचनाच तशी असते. पूर्वी गिऱ्हाइकाने यादी सांगायची आणि दुकानातल्या माणसाने माल काढून द्यायचा, ही सर्रास पद्धत होती. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी ‘पिग्ली विग्ली’ हे दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला थेट फळ्यांपर्यंत जाऊ दिलं. यादीत नसलेली वस्तू समोर दिसणं आणि हातात येणं तेव्हापासून रोजचं झालं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ढकलगाडी आणली. हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट सरळ आहे: मधल्या फेरीला ढकलगाडी घेऊ नका, टोपलीही नको. दोन हातांत मावेल तेवढंच आणायचं.

पण खरा उपाय फेरीच कमी करणं हा आहे. त्यासाठी सारखं काय संपतं ते शोधा. बहुतेकदा दोन-तीनच वस्तू निघतात: दूध, ब्रेड, अंडी, फळं. पाकीट उघडलं त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला आणि संपलं की बघा किती दिवस पुरलं. अशी दोन पाकिटं झाली की तुमचा वापर कळतो आणि मोठ्या खरेदीतच बरोबर तेवढं आणता येतं. दूध-फळांसारख्या गोष्टी आठवडाभर टिकत नसतील तर मधली फेरी राहू द्या, पण तिचा वार ठरवा, यादी करा आणि पैसेही आधीच बाजूला काढा. आठवड्याच्या रकमेचा पाचवा हिस्सा या फेरीसाठी राखला तर सुरुवातीला चालून जातं. पुढे आपल्या पावत्यांवरून तो कमी-जास्त करा.

भुकेल्या पोटी दुकानात जाऊ नका. हा सल्ला जुना आहे आणि अजूनही खरा आहे.

ॲपवरून मागवणाऱ्यांच्या बाबतीत ‘अ’ वेगळ्या वाटेने येतं. मोफत डिलिव्हरीसाठी थोडीच रक्कम कमी पडत असते आणि ती भरायला आपण काहीतरी टाकतो. तेव्हा एकच प्रश्न विचारा: ही वस्तू येत्या दोन आठवड्यांत मी एरवीही घेतली असती का? उत्तर ‘नाही’ असेल आणि वस्तू डिलिव्हरीच्या पैशांपेक्षा महाग असेल तर निमूटपणे डिलिव्हरीचे पैसे द्या, ते स्वस्त पडतात. त्याहून बरं म्हणजे आठवडाभर लागेल ते कार्टमध्ये साठवत जायचं आणि ठरलेल्या एकाच दिवशी मागवायचं. मधल्या काळात त्यातल्या निम्म्या वस्तू नकोशा वाटू लागतात आणि आपण त्या स्वतःहून काढतो.

‘ट’ मोठं असेल: टाकलेलं अन्न

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतलं होतं. घरातल्या या नासाडीचा माणशी हिशेब वर्षाला ७९ किलो, म्हणजे आठवड्याला साधारण दीड किलो. यात साली, बिया, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. तरीही एकट्या माणसाच्या आठवड्याच्या पिशवीचं वजन आठवून बघितलं तर हा आकडा लहान नाही.

पैशाच्या भाषेत हे असं दिसतं. आणलेल्या मालातला २० टक्के टाकला, तर खाल्लेल्या मालाचा दर २५ टक्क्यांनी वाढतो. ‘दोनावर एक फ्री’ घेतलं आणि त्यातलं एक सडलं, तर सवलत शून्य झाली. म्हणून नासणाऱ्या मालावरची सवलत ही आपण तो संपवू शकतो याची खात्री असेल तरच सवलत. कोरड्या मालाला हा नियम नाही, तिथे मोकळ्या मनाने घ्या.

कागदावर ‘विसरलं’ जास्त वेळा आलं असेल तर यादी फ्रीजसमोर उभं राहून करा, सोफ्यावर बसून नाही. आधी घरात काय आहे, त्यातलं काय दोन दिवसांत संपवलं पाहिजे, आणि त्याला जोड म्हणून काय आणायचं, या क्रमाने. मोठ्या खरेदीच्या आदल्या रात्रीचं जेवण उरलंसुरलं संपवण्यासाठीच ठेवा. आठवड्याचा क्रमही टिकाऊपणावरून लावा. पहिल्या दोन-तीन दिवसांत पालेभाज्या आणि मऊ फळं, मग टोमॅटो, फ्लॉवरसारख्या भाज्या, आणि शेवटी गाजर, कोबी, बटाटे, डाळी, अंडी. आठवड्याच्या शेवटी पालक खायचा बेत करणं म्हणजे तो टाकायचा बेत करणं.

‘खराब झालं’ जास्त असेल तर साठवणीकडे बघा. पालकाची जुडी आणतो त्या प्लास्टिकच्या पिशवीतच ती फ्रीजमध्ये जाते. दोन दिवसांनी पिशवीच्या आतून पाण्याचे थेंब धरलेले दिसतात. वरची पानं हिरवीगार असतात, पण हात खाली घातला की पानं काळी आणि बुळबुळीत लागतात. नासण्याची सुरुवात त्या ओलीतून होते. आणल्या आणल्या जुडी सोडा, खराब पानं काढा, न धुता कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळा आणि डब्यात ठेवा. कापड ओलसर लागलं तर बदला. पानं धुवायची ती शिजवण्याच्या आधी. एवढं करायला पाच मिनिटं लागतात आणि भाजी काही दिवस जास्त टिकते.

केळी, सफरचंदं, पिकलेले टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो शेजारची फळं-भाज्या लवकर पिकवतो, पालेभाज्या पिवळ्या पाडतो. त्यांना वेगळं ठेवा. बटाटे अंधारात, हवेशीर जागी आणि कांद्यांपासून दूर. ब्रेड फ्रीजमध्ये उलट लवकर शिळा होतो. दोन दिवसांत संपणार नसेल तर स्लाइस सुटे करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे काढून भाजा. फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रीझरचं उणे १८ हवं. भाड्याच्या घरातला जुना फ्रीज असेल तर साधा थर्मामीटर आत ठेवून एकदा तपासाच. सगळंच लवकर नासत असेल तर दोष तुमच्या सवयीचा नसून फ्रीजच्या दाराच्या रबराचा असू शकतो.

शिल्लक अन्न वाचवताना एक गोष्ट मात्र सांभाळा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. भाताच्या बाबतीत हे जास्तच पाळा. त्यातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. पसरट डब्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. इतर शिजवलेले पदार्थ फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. शंका आली तर टाका, आजारपण कुठल्याही भाजीपेक्षा महाग पडतं.

पाकिटावरच्या तारखाही नीट वाचा. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ असा अर्थ असेल तर तो चवी-दर्जाबद्दल असतो. बिस्किटं, पास्ता, डाळ त्यानंतरही बघून-हुंगून वापरता येतात. ‘या तारखेपर्यंतच वापरा’ असं असेल तर ते सुरक्षिततेबद्दल असतं, तिथे हयगय नको.

‘ठ’ मोठं असेल: दर

पाकिटाची किंमत बघू नका, किलोचा किंवा लिटरचा दर बघा. युरोपीय संघाने १९९८ च्या निर्देशानुसार दुकानांना विक्रीच्या किमतीबरोबर असा एकक दर लिहिणं बंधनकारक केलं. जिथे तो लिहिलेला नसेल तिथे मोबाइलवर किमतीला वजनाने भागायचं. ५०० ग्रॅम आणि ८०० ग्रॅमची दोन पाकिटं समोर असतील तर मोठ्यात माल १.६ पट आहे. त्याची किंमत दीडपट असेल तर किलोमागे सुमारे ६ टक्के वाचतात. किंमत १.७ पट असेल तर मोठं पाकीटच महाग आहे, आणि असं होतंही. वजनावरही लक्ष ठेवा: किंमत तीच ठेवून पाकीट १०० ग्रॅमवरून ९० ग्रॅमवर आलं तर दर ११ टक्क्यांनी वाढलेला असतो.

सगळ्या वस्तूंचे दर पाठ करण्यात अर्थ नाही. पावत्यांवरून ज्या दहा वस्तूंवर सगळ्यात जास्त पैसे जातात त्या काढा आणि त्यांचेच दर मोबाइलमध्ये टिपून ठेवा. ‘ऑफर’ खरी आहे की नुसती पाटी, हे मग तिथल्या तिथे कळतं.

प्रथिनांसाठी मांस, चीज किंवा तयार प्रोटीन बार यांवर बरेच पैसे जात असतील तर दर प्रथिनांच्या हिशेबाने लावा. १०० ग्रॅम कोरड्या मसुरीत साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चार अंड्यांएवढी. आपल्या दुकानातल्या किमतीत दोन्ही मांडून बघा आणि आठवड्यातली दोन-तीन जेवणं त्यानुसार बदला. सगळी बदलायला गेलात तर कंटाळा येईल आणि पैसे ‘म’मध्ये जातील. फ्रोझन मटार आणि भाज्यांना कमी लेखू नका. पोषणात त्या ताज्यांच्या बरोबरीच्या असतात आणि लागेल तेवढ्याच काढता येतात.

‘म’ मोठं असेल: दमलेली रात्र

इथे शिस्तीचे सल्ले चालत नाहीत. नऊ वाजता दमून आलेला माणूस भाजी चिरणार नाही, हे गृहीत धरूनच बेत करायला हवा. सात रात्रींचा स्वयंपाक ठरवूच नका, पाचांचा ठरवा. सातांचं सामान आणलं तर दोन रात्री मागवलं जातं आणि त्या दोन रात्रींची भाजीही सडते, म्हणजे एकाच जेवणाचे पैसे दोनदा.

उरलेल्या दोन रात्रींसाठी पंधरा मिनिटांत होणारं, लवकर न नासणारं सामान कायम घरात ठेवा: अंडी आणि फ्रीझरमधला ब्रेड, नूडल्स आणि फ्रोझन भाजी, असं काहीही, फक्त तुम्हाला मनापासून आवडणारं. सुट्टीच्या दिवशी कडधान्यं जास्त शिजवून एकेका जेवणाच्या मापाने डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका, डब्यावर तारीख लिहा. भिजून शिजल्यावर त्यांचं वजन दुपटीच्या वर जातं, तेव्हा डबे पुरेसे काढून ठेवा. राजमा असेल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात आधी खळखळून उकळा. मंद आचेवरच्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट घालू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन पुरेसं उकळलं नाही तर उलट्या-जुलाब होतात.

रूममेटबरोबर राहत असाल तर वरच्या तिन्ही अक्षरांत दोघांचंही मिसळलेलं असतं. तेल, मीठ, तांदूळ अशा सामायिक वस्तूंची यादी ठरवून पैसे आधीच एकत्र काढा आणि बाकीचं ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या फळीवर. फ्रीजमध्ये एक फळी ‘कुणीही संपवा’ अशी ठेवली तर बरंच अन्न वाचतं.

सगळं करूनही आकडा तोच असेल तर

एकेका उपायाला दोन आठवडे द्या आणि पुन्हा अक्षरांची बेरीज करा. तिन्ही बेरजा लहान झाल्या, दरही तपासून झाले आणि तरी पैसे पुरत नसतील, तर चूक तुमच्या खरेदीची नाही. ठरवलेली रक्कमच अपुरी आहे.

ते असं पडताळा. एका आठवड्याचं साधं पण पोटभर जेवण कागदावर मांडा: नाश्ता, दोन जेवणं, फळं, दूध किंवा त्याला पर्याय. नेहमीच्या दुकानातले आजचे दर लावून बेरीज करा आणि वर थोडी जादा रक्कम धरा. हा तुमचा किमान आकडा. ठरवलेली रक्कम याच्या खाली असेल तर आणखी काटकसर करायला जाऊ नका, कारण ती जेवण चुकवून होईल. फरक दुसऱ्या खर्चातून काढा: न वापरली जाणारी सबस्क्रिप्शनं, फोनचा मोठा प्लॅन, शक्य असेल तर खोलीचं भाडं. तिथूनही निघत नसेल तर कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण विभागाकडे किंवा अन्नवाटप करणाऱ्या संस्थेकडे विचारायला संकोच करू नका, त्या सोयी याचसाठी असतात. आणि किमान आकडा दर तीन महिन्यांनी नव्या दरांनी पुन्हा काढा.